वीस वेळा चूक

माणसाला शिकवायचं कसं, हे ज्या खोलीत मला शिकवलं गेलं तिथे मी सहा आठवडे फक्त झोप आवरत होते. समोरच्या स्लाइडवर लिहिलेलं असायचं, 'प्रौढ माणूस ऐकून शिकत नाही, करून शिकतो.' या एका वाक्यावर आमच्या प्रशिक्षक बाई पावणेदोन तास बोलल्या. आम्ही चौदा प्रौढांनी ते वाक्य मुकाट्याने उतरवून घेतलं आणि जेवायला गेलो.

कंपनी हिंजवडीत होती. कॉम्प्युटरसमोर बसून आपलं आपण शिकता येईल असे धडे ती बनवायची, बहुतेक अमेरिकेतल्या गोदामांसाठी आणि दुकानांसाठी. तिकडच्या माणसाने खोकं उचलताना कंबर वाकवावी की गुडघे, हे त्याला सांगण्याची जबाबदारी पुण्यातून बसने येणाऱ्या आमच्यासारख्यांवर आली होती. आमच्यातल्या बहुतेकांनी स्वतःची ट्रंकसुद्धा कधी हमालाशिवाय उचललेली नव्हती. तुकडीत एक गुरांचे डॉक्टर होते, संस्कृत घेऊन एम.ए. झालेल्या दोघी होत्या, गिरणी बंद पडल्यामुळे मोकळे झालेले एक इंजिनिअर होते, आणि मी होते, बी.एस्सी., बी.एड. मोठेपणी हे होणार असं आमच्यापैकी कुणीही लहानपणी म्हटलं नव्हतं, कारण आमच्या लहानपणी हे नव्हतंच. प्रोग्रॅमिंग येत नाही, पण वाक्य धड लिहिता येतं, एवढ्या भांडवलावर आयटीत शिरायचा तो एकच दरवाजा तेव्हा किलकिला होता.

मी मूळची वाशीमकडची. पुण्यात सदाशिव पेठेत एका काकूंकडे कॉट घेऊन राहत होते. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, "काकू, नळाला पाणी काहून नाही?" त्या म्हणाल्या, "कारण साडेसहा वाजून गेले. वेळ दारामागे लिहिलेली आहे. वाचता येतं ना?" मी बी.एड. आहे हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. तरीही त्यांनी उत्तराची वाट पाहिली.

आमच्या प्रशिक्षक बाई याच वळणाच्या होत्या, फक्त शिकलेल्या जास्त. पूर्वी त्या कॉलेजात शिकवायच्या. ओळख करून देताना मी शिक्षिका होते असं सांगितलं, तर म्हणाल्या, "हरकत नाही. विसरता येईल." त्यांचे नियम पक्के असायचे. धड्याच्या सुरुवातीला उद्दिष्ट लिहायचं, 'हा धडा संपल्यावर आपण अमुक करू शकाल.' त्यात 'समजेल' असं लिहायला बंदी होती, कारण समजलेलं मोजता येत नाही. 'ओळखू शकाल', 'सांगू शकाल', 'दाबू शकाल' हे चालायचं. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "समजलं?" आम्ही चौदाजण एका सुरात हो म्हणालो.

मग आमच्या हातात स्टोरीबोर्ड आला. स्टोरीबोर्ड म्हणजे साधा तक्ता. पडद्यावर काय दिसेल, काय ऐकू येईल, शिकणाऱ्याने काय दाबायचं, बरोबर आलं तर पुढे काय, चुकलं तर काय, असे रकाने. तो आम्ही भरायचा आणि चित्रं हलवणाऱ्या मुलांच्या हवाली करायचा. मी भरलेला पहिला तक्ता बाईंनी परत पाठवला, वर लाल अक्षरांत एकच शब्द, 'रीवर्क'. मी तो पुन्हा लिहून दिला. पुन्हा 'रीवर्क'. तिसऱ्यांदाही तेच. काय चुकतंय हे विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून मी रंग बदलून दिला आणि चौथ्यांदा तो पास झाला.

आता बाबांबद्दल सांगायला हवं.

बाबा गावातल्या शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाले तेव्हा मुख्याध्यापक होते. मी त्यांच्याच शाळेत शिकले. साडेदहा ते पाच त्यांना 'सर' म्हणायचं आणि पाचनंतर 'बाबा', असा आमच्या घरचा नियम होता. एकदा मधल्या सुट्टीत माझ्या तोंडून चुकून 'बाबा' निघालं, तर त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. त्यांच्या तासाला पोरांना भीती वाटायची असं म्हणता येणार नाही. त्यांनी कुणावर हात उगारला नाही, कुणाला नावं ठेवली नाहीत. गणित बरोबर आलं की ते म्हणायचे, "पुढे." नाही आलं की म्हणायचे, "चूक. पुन्हा." तिसरं काही नसायचं.

पाचवीत त्यांनी मला फळ्यावर एक गुणाकार घातला. तीनशे सत्तेचाळीस गुणिले सव्वीस. मी केला. "चूक. पुन्हा." मी फळा पुसला आणि पुन्हा केला. "चूक. पुन्हा." असं सात वेळा झालं. घंटा झाली तोपर्यंत आठ हजार नऊशे बावीस हे माझं उत्तर सगळ्या वर्गाला पाठ झालं होतं. पुढे कितीतरी दिवस पोरं मला शाळेच्या दारात बघून 'आठ हजार नऊशे बावीस' अशी हाक मारायची. खरं उत्तर बाबांनी सांगितलं नाही, आणि मी ते कधी काढून बघितलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी बाबांनी एक संत्रं सोललं, शिरा काढल्या, फोडी ताटलीत मांडून माझ्यापुढे ठेवल्या आणि पेपर वाचत बसले. मी एकही फोड खाल्ली नाही. मला ते फार लागलं होतं.

पुढे मी गणित कमीत कमी लागेल असे विषय घेतले. बी.एड. केलं, कारण आमच्या घरात दुसरं काही असतं हे कुणाला ठाऊक नव्हतं. एक वर्ष रजेच्या जागेवर शिकवलंही. फळ्याकडे वळलं की मी खडू खाली ठेवायचे आणि पोरांना पुस्तकातूनच वाचायला सांगायचे. त्यामुळे शिकवणाऱ्याने वर्गात असायचंच नाही, असा धंदा पुण्यात निघालाय हे पेपरात वाचलं तेव्हा मी त्याच आठवड्यात गाडी पकडली.

प्रशिक्षणाचा पाचवा आठवडा चालू असताना बाबा पुण्यात आले. त्यांचे मावसभाऊ चिंचवडला राहायचे, तिथे उतरले. शाळेत कायमची जागा निघाली होती. संस्थेच्या सेक्रेटरींनी त्यांच्या शब्दाखातर ती महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती. काकूंच्या व्हरांड्यात स्टुलावर बसून बाबा म्हणाले, "इथं तू करतेस तरी काय, मला समजलं नाही. पोरं कुठं आहेत?"

"पोरं अमेरिकेत आहेत बाबा. आणि ती पोरं नाहीत, मोठी माणसं आहेत."

"मंग त्यांना तू दिसतेस?"

"नाही."

"तुला ते दिसतात?"

"नाही."

बाबा म्हणाले, "हे बरं आहे."

मला ते टोचलं. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी माझी शेवटची परीक्षा आहे. पास झाले तर कंपनी कायम करेल. नापास झाले तर तुमच्याबरोबर घरी येते आणि ती जागा घेते. शब्द तोंडातून निघून गेला होता. बाबांनी मान हलवली. आमच्या घरात मान हलवली म्हणजे करार झाला.

परीक्षा अशी होती. प्रत्येकाने वीस मिनिटांचा एक धडा स्वतः तयार करायचा. त्याच सुमारास कंपनीला चाकणच्या एका कारखान्याचं काम मिळालं होतं, कामगारांसाठी सुरक्षेचे धडे, तेही मराठीत. म्हणून आम्हाला तेच विषय वाटून दिले. मला आग विझवायचं लाल नळकांडं आलं. धडा झाला की बाहेरचा एक माणूस आणायचा, ज्याला त्या विषयातलं काही येत नाही. कंपनीच्या भाषेत तो लर्नर. त्याने आपलं आपण धडा बघायचा आणि शेवटी दहा प्रश्न सोडवायचे. दहापैकी आठ आले की धडा पास, म्हणजे आपण पास. धडा लिहिणाऱ्याने मात्र त्याच्या मागे खुर्चीवर बसायचं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. बाईंचं म्हणणं होतं, "जिथे तुम्हाला बोलावंसं वाटेल, तिथे धडा फसलेला आहे. बोलू नका, लिहून घ्या."

लर्नर म्हणून मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "हिंजवडीला? तिथे माझं कोण आहे?"

मग बाबाच उरले. नळकांड्याचं त्यांना काही येत नाही हे मी खात्रीने सांगू शकत होते. शाळेत त्यांच्या खोलीबाहेर एक नळकांडं वर्षानुवर्षं टांगलेलं होतं. दर दसऱ्याला घंटा, फळा आणि प्रयोगशाळेतल्या तराजूबरोबर त्याचीही पूजा व्हायची, झेंडूची माळ पडायची. ते कसं चालतं हे शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत कुणालाही माहीत नव्हतं.

धड्यावर मी जीव ओतला. पिन कशी ओढायची, नळीचं तोंड कुठे धरायचं, विजेच्या आगीवर पाणी का टाकायचं नाही, सगळं चित्रांनिशी. दहा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, दोन दोन संधी. शेवटच्या दिवशी एकच रकाना उरला होता, चुकलं तर काय. दहा प्रश्नांचे चुकीचे पर्याय तीस. मी पहिल्या चौकटीत लिहिलं, 'आपले उत्तर चूक आहे. पुन्हा प्रयत्न करा.' आणि तेच खाली तिसाव्या चौकटीपर्यंत चिकटवत नेलं. सगळेच तसं करायचे. पाच मिनिटांत रकाना भरला आणि सहाची बस मिळाली.

शनिवारी बाबा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. परीक्षेच्या खोलीला काचेचं दार होतं. त्यांनी बाहेर चपला काढल्या आणि जोडीने लावून ठेवल्या. रखवालदार गोंधळून आधी चपलांकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. बाईंनी बाबांना बसवलं, लिहायला कंपनीची एक छोटी वही दिली आणि नियम सांगितला, "मागे बसल्यात त्या बोलणार नाहीत. आपणही त्यांना काही विचारू नका."

"उत्तम," बाबा म्हणाले.

माऊस त्यांनी जन्मात हातात धरला नव्हता. तो सरकवत सरकवत त्यांनी टेबलाच्या कडेपर्यंत नेला, आणि टेबल संपल्यावर हवेत तसाच धरून पडद्याकडे बघत बसले. मी ओठ दाताखाली धरले. चार-पाच मिनिटांनी त्यांचं त्यांनाच जमलं. मग ते प्रत्येक पान पुटपुटत वाचायचे, वहीत लिहून घ्यायचे, चष्मा पुसायचे, आणि 'पुढे' या बटणावर बाण आणून, श्वास रोखून ते दाबायचे. वीस मिनिटांच्या धड्याला एक तास दहा मिनिटं लागली. एका चित्राशी ते थांबले, नळीचं तोंड आगीच्या बुडाशी धरतात त्या, आणि उजवा हात हवेत धरून त्यांनी डावीकडून उजवीकडे झाडू मारल्यासारखा फिरवला. मला आतून इतका आनंद झाला की काय सांगू. बाबा माझ्याकडून काहीतरी शिकत होते.

मग प्रश्न सुरू झाले.

पहिला सोपा होता, सर्वांत आधी काय करावे. बाबांनी बाण 'पिन ओढावी' यावर नेला, क्षणभर ठेवला, आणि खाली सरकवून 'नळकांडे जोरात हलवावे' यावर दाबलं. पडद्यावर आलं, 'आपले उत्तर चूक आहे. पुन्हा प्रयत्न करा.' त्यांनी ते वाचलं, मान हलवली आणि दुसरा चुकीचा पर्याय दाबला. पुन्हा तेच वाक्य. संधी संपल्या होत्या, तरी वाक्य 'पुन्हा प्रयत्न करा' असंच म्हणत होतं आणि बटण मात्र 'पुढे' एवढंच उरलं होतं. चिकटवताना हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुसरा प्रश्न. बाण बरोबर उत्तरावर गेला, थांबला, आणि तिथून उठून चुकीच्यावर. तिसरा, चौथा, पाचवा तसाच. मधून मधून ते वहीत काहीतरी लिहीत होते. मी खुर्चीच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या होत्या. सातव्या प्रश्नापर्यंत माझी खात्री पटली की हे मुद्दाम चाललंय. दहाव्यानंतर पडद्यावर आलं, 'आपले गुण : १० पैकी ०. धडा पहिल्यापासून सुरू करा.'

"बाबा, हे काय केलंत?"

"तू बोलायचं नाही ना?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

मग मात्र माझा तोल गेला. मला घरी न्यायचंय म्हणून तुम्ही हे केलंत, मला एवढ्या लांब येऊनही सुटू दिलं नाहीत, माझं एकही काम तुम्हाला धड वाटत नाही, असं बरंच काही बोलले. खोलीतले बाकीचे तेरा लर्नर आणि त्यांच्या मागे बसलेले तेरा मुके लोक आमच्याकडे बघत होते. बाबा खुर्ची फिरवून शांतपणे ऐकत राहिले. एवढ्यात बाई प्रिंट घेऊन आत आल्या. त्यावर बाबांनी दाबलेलं प्रत्येक बटण ओळीने छापलेलं होतं.

"चारातले दोन पर्याय दाबायचे," बाई बाबांना म्हणाल्या. "डोळे मिटून दाबले असते तरी पाचएक बरोबर आले असते. वीसच्या वीस चूक यायला सगळं यावं लागतं."

"येतं ना," बाबा म्हणाले. "विचारा."

बाईंनी तीन प्रश्न विचारले. बाबांनी उभं राहून उत्तरं दिली, कृतीसकट.

"मग हे कशासाठी?"

"असं आहे मॅडम, नवीन शिक्षक लागला की मी त्याच्या तासाला मागच्या बाकावर बसायचो. ज्या पोराला येतं त्याला काय, कुणीही शिकवतं. ज्याचं चुकलं त्याच्याशी तो काय बोलतो, तेवढंच मी ऐकायचो. म्हटलं, हिचाही पाठ तसाच पाहू. वीस वेळा चुकून पाहिलं. वीसही वेळा एकच वाक्य."

बाईंनी माझा तक्ता उघडला, तो रकाना वरपासून खालपर्यंत बघितला आणि म्हणाल्या, "स्लाइड एकसष्ट. 'नेमकं कुठे चुकलं ते सांगा.' ती आपण जेवणानंतर बघितली होती." मग प्रिंट माझ्यापुढे ठेवत, "रीवर्क म्हणणार होते. नाही म्हणत. हा एक रकाना सोडून धडा चांगला आहे. फॉर्मवर शून्य आहे, त्याचे आठ मला करता येत नाहीत. पुढच्या शनिवारी दुसरा लर्नर आणा." सहा आठवड्यांत त्यांनी मला सलग एवढी वाक्यं प्रथमच दिली होती.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले आणि बाबांशी बोलले नाही. माझा राग गेला नव्हता. उलट, ते बरोबर होते म्हणून तो जास्तच आला होता. वाकडच्या पुढे गाड्या अडकल्या आणि बस जागच्या जागी उभी राहिली, तेव्हा ते म्हणाले, "ते वाक्य तुझं नाही. माझं आहे."

मी बाहेर बघत राहिले.

"तुला वाटलं तू लिहिलं. मी ओळखलं ना," ते म्हणाले. "छत्तीस वर्षं बोललो मी ते. मला कुणी कधी बोललं नव्हतं. आज वीस वेळा ऐकलं." मग त्यांनी ड्रायव्हरला उद्देशून, पण ड्रायव्हरला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, पुण्यातल्या रस्त्यांबद्दल काहीतरी म्हटलं.

रविवारी दुपारी मी त्यांना शिवाजीनगरच्या स्टँडवर सोडायला गेले. करार करार होता, पण निकाल आठ दिवस पुढे गेला होता. त्या जागेचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही. एसटीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून ती छोटी वही माझ्या हातात दिली. "कंपनीची आहे. जमा करून दे," म्हणाले. दुसऱ्याची खडूची कांडीसुद्धा ते कधी घरी आणत नसत.

सोमवारी सकाळी मी तो रकाना उघडून बसले. वही जमा करण्याआधी सहज चाळली. पुढच्या पानांवर नळकांड्याच्या टिपा होत्या, क्रमांक घालून, अक्षर मोत्यासारखं. शेवटच्या पानावर एक गुणाकार मांडलेला होता.

तीनशे सत्तेचाळीस गुणिले सव्वीस. खाली माझ्या दोन ओळी, मी लिहायचे तशाच, दुसरी ओळ जरा तिरकी घसरलेली. खाली आठ हजार नऊशे बावीस. दुसऱ्या ओळीतल्या आठावर गोल केलेला, आणि शेजारी बारीक अक्षरांत: 'सात दुणे चौदा. हातचा १ इथे मिळवायचा राहिला. बाकी सगळं बरोबर आहे.'

प्रश्न सोडवताना ते मधून मधून हेच लिहीत होते. सोळा वर्षांनी त्यांना आकडे आठवत होते, ओळीचा तिरकेपणा आठवत होता, चूक कुठे होती हे आठवत होतं. म्हणजे त्या दिवशी फळ्यासमोर सातही वेळा त्यांना ती दिसत होती. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. शेजारच्या गुरांच्या डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि विचारलं, "सर्व्हर गेला का?"

मग तीस वाक्यं लिहायला मला चार दिवस लागले. ज्याने नळीचं तोंड ज्वाळांवर धरलं त्याला लिहिलं, 'ज्वाळा वर दिसतात म्हणून तसं वाटतं. पण आग खाली आहे. तोंड बुडाशी धरा.' ज्याने विजेच्या पेटीवर पाणी ओतलं त्याला लिहिलं, 'कागद पेटला असता तर हे चाललं असतं. इथे वीज आहे, पाण्यातून ती तुमच्यापर्यंत येईल.' प्रत्येक चुकीसमोर बसून विचार करावा लागला की हा माणूस असं का म्हणाला असेल. तीसही माणसं मूर्ख नव्हती, असं माझ्या लक्षात आलं. बरीचशी तर उत्तराच्या एक पाऊल अलीकडे येऊन थांबलेली होती.

दुसऱ्या शनिवारी लर्नर म्हणून काकू आल्या. कंपनीच्या बसला एसी असतो हे बाबा जाताना त्यांच्या कानावर घालून गेले होते. त्यांनी धडा बावीस मिनिटांत संपवला. तीन उत्तरं पहिल्या फेरीत चुकली, पडद्यावरचं वाचून त्या "हं, असं होय" म्हणाल्या आणि दोन दुसऱ्या फेरीत बरोबर आली. दहापैकी नऊ. दहाव्याबद्दल त्यांचं म्हणणं होतं की त्यांचं उत्तर बरोबर आहे आणि प्रश्नच चुकलाय. बाईंनी तो प्रश्न पुन्हा वाचला आणि गंभीरपणे लिहून घेतला. सोमवारपासून मला खोकं उचलायच्या धड्यावर घेतल्याचं त्यांनी जाताजाता सांगितलं. "अभिनंदन. कंबर सरळ ठेवा," असं म्हणाल्या.

संध्याकाळी मी पेरूगेटजवळच्या एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. बाबांनीच उचलला.

"झालं बाबा. काकूंना नऊ मिळाले."

"दहावा कोणता गेला?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सेक्रेटरींना मी कळवून टाकलं. ती जागा दुसऱ्याला द्या म्हटलं."

"आत्ता?"

"नाही. त्या रविवारी. पुण्याच्या स्टँडवरूनच फोन केला होता, तू यायच्या आधी."

म्हणजे माझ्या फॉर्मवर शून्य होतं तेव्हा. बूथमधले लाल आकडे पळत होते.

"वही पाहिली काय?" त्यांनी विचारलं.

"पाहिली."

"मंग?"

"दुसऱ्या ओळीत हातचा राहिला होता," मी म्हटलं. "नऊ हजार बावीस."

बाबांच्या वर्गात आता 'पुढे' यायचं असतं, एवढं मला माहीत होतं.

"बरोबर," बाबा म्हणाले.

मी रिसीव्हर कानाला लावून तशीच उभी राहिले. मागे रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग काचेवर टकटक केली आणि दार जरा उघडून म्हणाले, "अहो, रडायचं बाहेर येऊनही जमतं. मीटर तुमचाच पळतोय."